पावणेनऊ लाखांचा वर्षखर्च आणि १०,००० फीचं ट्रॅव्हल कार्ड : घ्यावं की नको?

नंदलालपुरा

बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर हे ट्रॅव्हल क्रेडिट कार्ड गळ्यात मारायला बघतोय. त्याने सांगितलेल्या अटी अशा :

फी १०,००० अधिक जीएसटी. पहिल्या वर्षी स्वागताचे १०,००० पॉइंट, दुसऱ्या वर्षापासून ते नाहीत. दर २०० रुपयांना ४ पॉइंट. बँकेच्या पोर्टलवर विमानाचं तिकीट काढलं तर १ पॉइंट म्हणजे १ रुपया (तिकिटाच्या ७० टक्क्यांपर्यंतच), बिलात वळते केले तर ३० पैसे. वर्षाला ५ लाख खर्च झाला की ५,००० चं हॉटेल व्हाउचर, ८ लाख झाला की पुढच्या वर्षाची फी माफ. विमानतळावरचे लाउंज (बसायचे-खायचे खास कक्ष) : देशातले तिमाहीला २, परदेशातले वर्षाला ४. फॉरेक्स मार्कअप (परदेशी चलनातल्या खर्चावर बँकेचा जादा आकार) २ टक्के.

आमचा खर्च, घरातली माणसं तीन (मुलगा ११ वर्षांचा) : किराणा-भाजी महिन्याला १४,०००. बाहेरचं खाणं आणि कपडेलत्ते ९,०००. वीज, पाणी, मोबाइल ५,०००. पेट्रोल ६,०००. विम्याचे हप्ते वर्षाला ७२,०००. शाळेची फी १,२०,०००. पुण्याच्या विमानवाऱ्या आणि बाकी तिकिटं-हॉटेलं मिळून १,५०,०००. नणंद सिंगापूरला असते, तिथे वर्षातून एकदा जातो, तिथला खर्च १,२०,०००.

बेरीज ८,७०,०००. मॅनेजर म्हणतो, "आठ लाख होतातच, म्हणजे कार्ड फुकटच पडलं." यात गोम कुठे आहे?

वहीखाते

बेरीज बरोबर आहे ताई. रकाने चुकलेत.

प्रत्येक दुकानाला कार्ड नेटवर्कचा चार आकडी कोड असतो, त्याला एमसीसी म्हणतात. बँक दुकानाची पाटी वाचत नाही, कोड वाचते. किराणा ५४११, पेट्रोल ५५४१ आणि ५५४२, विमा ६३००, वीज-पाणी ४९००, शाळा ८२११, घरभाडं ६५१३, वॉलेट भरणं ६५४०. यातले कोणते कोड ८ लाखांत धरणार हे जाहिरातीच्या पानावर नसतं, अटींच्या पानावर असतं. आणि दोन याद्या असतात : एक पॉइंट न मिळणाऱ्या खर्चांची, दुसरी फीमाफीत न धरल्या जाणाऱ्या खर्चांची. त्या सारख्याच असतील असं धरू नका. वीजबिलावर पॉइंट मिळतात पण महिन्याच्या मर्यादेपर्यंतच, आणि फीमाफीत मात्र ते पूर्ण धरलं जातं, असंही होतं.

तुमच्या यादीवर कात्री लावू.

पेट्रोल ७२,००० : बाद. बहुतेक बँका इंधन कुठेच धरत नाहीत. सरचार्ज माफ करतात तोही ठरावीक रकमेच्या व्यवहारांवर, आणि त्यावरचा जीएसटी अनेकदा परत येत नाही.

भाजीवाला आणि कोपऱ्यावरचं किराणा दुकान : तिथे क्यूआर असतो, कार्डाचं मशीन नसतं. यूपीआयला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं. हे कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्ड असेल तर १४,००० मधला तो भाग कार्डावर येणारच नाही. किती आहे तो?

विमा : अटी बघा. बाद असण्याचीच शक्यता जास्त.

शाळा : शाळेच्या स्वतःच्या साइटवर कार्ड चालत असेल तर कोड ८२११ लागतो आणि बऱ्याच ठिकाणी खर्च धरला जातो. फी भरून देणाऱ्या तिसऱ्याच अ‍ॅपवरून भरत असाल तर बाद धरा, वर अ‍ॅपचं शुल्क वेगळं.

याशिवाय ईएमआयमध्ये बदललेली खरेदी वजा होते. रद्द केलेल्या तिकिटाचा परतावा वजा होतो, आणि तो पुढच्या महिन्यात आला तरी वजा होतो. घरच्यांच्या नावे मूळ खात्यावरच घेतलेल्या ॲड-ऑन कार्डावरचा खर्च मात्र मूळ कार्डाच्याच बेरजेत येतो, तो विसरू नका.

अटींचं पान मागवा. रिझर्व्ह बँकेच्या कार्डविषयक निर्देशांनुसार अर्जासोबत एकपानी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (मुख्य अटी-शुल्कांचा गोषवारा) द्यावंच लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या रंगीत चित्राला तो मान नाही.

नंदलालपुरा

पान मिळालं. फीमाफी आणि व्हाउचर दोन्हींतून बाद : इंधन, विमा, भाडं, वॉलेट, ईएमआय, आणि "तृतीय पक्षामार्फत शैक्षणिक देयके". आमची शाळा अ‍ॅपवरूनच फी घेते. क्यूआरवाली भाजी-किराणा महिन्याला साधारण ५,०००. वीज-मोबाइल धरतात.

लाउंजखाली बारीक अक्षरात एक ओळ आहे : आधीच्या तिमाहीत ७५,००० खर्च असेल तरच.

वहीखाते

मग उरलेलं असं. किराणा १,०८,००० + खाणं-कपडे १,०८,००० + वीज-मोबाइल ६०,००० + प्रवास १,५०,००० + सिंगापूर १,२०,००० = ५,४६,०००. आठ लाखांना २,५४,००० कमी. व्हाउचरची पाच लाखांची रेघ ४६,००० ने पार होते. पुण्याची एक वारी रेल्वेने झाली की तीही डळमळीत.

आता फी भरून कार्ड ठेवलं तर काय. इथे बहुतेकांची गल्लत होते, कारण तुलना रिकाम्या हाताशी करतात. तुलना करायची ती स्वस्त कार्डाशी. फी नसलेलं किंवा नाममात्र फी असलेलं, सरासरी दीड टक्का परत देणारं कॅशबॅक कार्ड धरू (त्यालाही बाद याद्या असतात, पण हाच खर्च घेतोय म्हणून चालेल). मग महागड्या कार्डाची जास्तीची कमाई २ टक्के वजा १.५, म्हणजे अर्धा टक्का. बास.

दुसऱ्या वर्षापासूनचा हिशेब :

फी जीएसटीसह ११,८००.
हॉटेल व्हाउचर ५,००० चं. ज्या साखळीत एका रात्रीचं भाडं ९,००० आहे तिथे तुम्ही एरवी गेला असता का? नसाल तर निम्मंच धरा, २,५००.
लाउंज, उदार होऊन, २,०००.
फॉरेक्स : साध्या कार्डावर ३.५ टक्के अधिक जीएसटी म्हणजे ४.१३. इथे २.३६. फरक १.७७ टक्के, १,२०,००० वर २,१२४.

११,८०० मधून हे तिन्ही वजा केले की ५,१७६ उरतात. ते अर्ध्या टक्क्याने भरून काढायला १०,३५,२०० खर्च लागतो. पण आठ लाखांवर फीच माफ होते! म्हणजे फी भरायची पाळी आली की हे कार्ड परवडण्याची जागाच उरत नाही. प्रश्न एवढाच राहतो : आठ लाख, कोडांच्या भाषेतले आठ लाख, होतात की नाही. तुमचे होत नाहीत.

गराडू

वहीखाते भियाने पॉइंट पूर्ण १ रुपयाला धरलाय, तो तसा पडत नाही. पोर्टलवरचा तिकीटदर आणि विमान कंपनीच्या स्वतःच्या साइटवरचा दर एकाच वेळी दोन टॅबमध्ये उघडून बघायचा. नमुना : इंदूर-पुणे तिकीट कंपनीकडे ७,६००, पोर्टलवर ७,९५०. ५,५०० पॉइंट लावले, २,४५० रोख दिले. वाचले किती? ७,६०० वजा २,४५०, म्हणजे ५,१५०. पॉइंट वापरण्याचं शुल्क ९९ अधिक जीएसटी असेल तर ११७ आणखी गेले. ५,०३३ भागिले ५,५०० म्हणजे साडेएक्क्याण्णव पैसे. तिकीट कंपनीच्या सवलतीच्या दिवसांत काढलं असतं तर अजून खाली.

म्हणजे कमाई २ टक्के नाही, १.८३. जास्तीचा अर्धा टक्का ०.३३ वर आला आणि वरचे १०.३५ लाख झाले १५.६८ लाख.

पोर्टलचं तिकीट रद्द झालं तर पॉइंट परत येतात का आणि त्यांची मुदत मूळचीच राहते का, हेही त्या पानावर शोधा. विमानाची वेळ बदलली तर कंपनी म्हणते पोर्टलशी बोला, पोर्टल म्हणतं कंपनीशी बोला. घरच्या लग्नाला निघायचं असेल तर थेट कंपनीकडून काढलेलं तिकीट बरं.

बिजासन_टेकडी

लाउंजवर थोडं सविस्तर, कारण कार्ड विकलं जातं ते त्याच्यावर.

७५,००० ची अट तुमच्या आकड्यांना लावून बघा. प्रवास नसलेल्या तिमाहीत कार्डावर येणारा खर्च : ९,००० + ९,००० + ५,००० = २३,००० महिन्याला, तिमाहीला ६९,०००. सहा हजारांनी चुकतं! म्हणजे मे महिन्यात सिंगापूरला जायचं असेल तर जानेवारी ते मार्चचा खर्च बघितला जाणार, आणि तिकिटं एप्रिलमध्ये काढली तर त्यांचा मेच्या लाउंजला काही उपयोग नाही. मार्चअखेरच्या आत काढली तर आहे. दिवाळीच्या वारीसाठी जुलै ते सप्टेंबर. ही अट एप्रिल-जून अशा कॅलेंडरच्या तिमाहीने मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखांनी नाही. नवं कार्ड असेल तर पहिल्या तिमाहीला बहुधा सूट असते, ती लेखी घ्या.

तिमाहीला २ म्हणजे दोन प्रवेश, दोन प्रवास नव्हेत. तुम्ही दोघे इंदूरहून निघताना आत गेलात की कोटा संपला. परतीला नाही. मुलगा ११ चा, त्याचा वेगळा प्रवेश मोजतात. फुकट असतात ती साधारण दोन वर्षांखालची मुलं. ॲड-ऑन कार्डाला स्वतःचा कोटा आहे की मूळ कार्डाचाच वाटून घ्यायचाय, हे विचारा.

सर्वांत महागडी चूक मुंबईला होते. तुम्ही मुंबई किंवा दिल्लीमार्गे सिंगापूरला जाणार. इमिग्रेशन ओलांडलं की वाटतं आता आपण "आंतरराष्ट्रीय" झालो, आणि माणूस परदेशी लाउंजसाठी दिलेलं प्रायॉरिटी पास दाखवतो. पण ते लाउंज भारतातच आहे. अनेक कार्डांवर प्रायॉरिटी पासचे फुकट प्रवेश फक्त भारताबाहेर चालतात. भारतात वापरलं की माणशी २७ ते ३५ डॉलरच्या घरात आकार लागतो, वर जीएसटी, आणि तो दिसतो महिन्याभराने बिलात. तिघांचं मिळून लाउंजच्या अख्ख्या वर्षाच्या फायद्यावर पाणी. मुंबईत मूळ कार्ड दाखवून देशातला कोटा वापरायचा, पास सिंगापूरहून परतताना चांगी विमानतळावर.

दारावर मशीनमध्ये कार्ड घासून २ रुपये कापले जातात, त्याला घाबरू नका, ती पडताळणी आहे. मात्र कार्डावर आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवले असतील तर परदेशात अडतं, निघण्याआधी अ‍ॅपमधून चालू करा.

किंमत लावताना लाउंजचा फलकावरचा दर लावू नका. राजवाड्याला पोहे-जलेबी खाऊन निघालेल्या माणसाला आतला नाश्ता १,२०० रुपयांचा कसा? एरवी विमानतळावर चहा-सँडविचवर जे खर्चले असते तेच त्याचं मोल.

शब_ए_मालवा

सगळं रुपयांत कशाला मोजायचं? सासू-सासरे बरोबर असले तर बसायला शांत जागा मिळते, तेही काही असतं.

बिजासन_टेकडी

असतंच. पण कोटा दोनच आहे, सासू-सासरे आत गेले तर तुम्ही बाहेर. आणि व्हीलचेअरची सोय विमान कंपनी तिकिटासोबत आगाऊ मागितली की करते, कार्ड लागत नाही.

काउंटर_पलीकडे

फॉरेक्सबद्दल. वरचे २,१२४ ही बचत "साध्या कार्डाच्या" तुलनेत आहे. शून्य मार्कअप आणि वार्षिक फी नाही अशी कार्डं आज मिळतात, काही तर मुदत ठेवीवर मिळतात. तसं एक घेतलं तर सिंगापूरच्या १,२०,००० वर या प्रीमियम कार्डाच्या तुलनेत उलट २,८३२ वाचतील, आणि वहीखात्यांच्या यादीतला तो आकडा पुसला जाईल.

तिथे मशीनवर "रुपयांत की सिंगापूर डॉलरमध्ये" असं विचारतील. डॉलरच निवडायचे. रुपये निवडले की दुकानाच्या बाजूचा दर लागतो, तो वाईट असतो, आणि परदेशी दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावर अनेक बँका वर एक टक्क्याच्या आसपास वेगळं शुल्क घेतात. शून्य मार्कअपचा फायदा या एका बटणाने जातो.

टीसीएसची (परदेशी खर्चावर आगाऊ गोळा केला जाणारा कर) भीती कोणी घातली असेल तर : परदेशात असताना क्रेडिट कार्डाने केलेला खर्च एलआरएसमध्ये (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत) धरत नाहीत, जून २०२३ मध्ये अर्थ मंत्रालयाने ते लांबणीवर टाकलं. फॉरेक्स कार्ड (आधी पैसे भरून घ्यायचं परकीय चलनाचं कार्ड) भरणं मात्र एलआरएसमध्ये येतं, पण १ एप्रिल २०२५ पासूनची टीसीएससाठीची १० लाखांची मर्यादा तुमच्यापासून फार दूर आहे.

आठ लाख गाठायला उरलेले अडीच लाख "कसेतरी" करू नका. पुढच्या वर्षाचे दागिने यंदा घेतले, गिफ्ट कार्डं भरली, आणि एका महिन्याचं बिल पूर्ण भरलं गेलं नाही तर व्याज महिन्याला ३.७५ टक्क्यांपर्यंत असतं. ६०,००० मागे राहिले तर महिन्याचे २,२५०, त्यावर जीएसटी ४०५. शिवाय जुनी थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दोन महिन्यांत निम्मी फी गेली.

गराडू

पण पहिलं वर्ष वेगळं आहे हं. ११,८०० देऊन १०,००० पॉइंट, साडेएक्क्याण्णव पैशांनी ९,१५०. निव्वळ खर्च २,६५०. ०.३३ टक्क्याने ५,४६,००० वर १,८०० परत, व्हाउचर, दोन-चार लाउंज. पहिलं वर्ष सुटतं. एक वर्ष वापरा आणि बंद करा.

फक्त हे पॉइंट कधी जमा होतात ते बघा : फी भरल्यावर, की ठरावीक दिवसांत ठरावीक खर्च झाल्यावर.

आणि साठवून ठेवू नका. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे पॉइंट महाराजा क्लबात गेले, आणि ज्यांनी विस्ताराची तिकीट व्हाउचरं मिळतात म्हणून फी भरली होती त्यांचं गणितच बदललं. पॉइंट विमान कंपनीच्या मैलांत (तिकिटासाठी वापरता येणाऱ्या तिच्या गुणांत) बदलण्याचंही तसंच : एकदा पाठवले की परत येत नाहीत, म्हणून आधी जागा शोधायची मग पाठवायचे. सिंगापूर एअरलाइन्सचे मैल ३६ महिन्यांत संपतात, आणि तिघांच्या जागांना पुरतील एवढे मैल वर्षाच्या दहा-अकरा हजार पॉइंटांतून होत नाहीत.

नंदलालपुरा

मॅनेजरला हे आकडे सांगितले. आता म्हणतो, पहिल्या वर्षाची फी माफ करून देतो. घ्यावं का? आणि बंद करताना त्रास देतात का?

काउंटर_पलीकडे

फी माफ केली की स्वागताचे १०,००० पॉइंटही बहुतेक वेळा जातात, ते फीला बांधलेले असतात. तसं असलं तरी घ्यायला हरकत नाही : निव्वळ खर्च शून्य, फायदा कमी. दोन्ही देत असेल तर लगेच. जे ठरेल ते ईमेलवर, बँकेच्या अधिकृत पत्त्यावरून. मॅनेजरची सहा महिन्यांत बदली होते, पुढचा म्हणतो मला माहीत नाही.

बंद करण्याचा क्रम असा ठेवा. कार्डाचा वर्षदिन अ‍ॅपमध्ये बघून त्याच्या ४५ दिवस आधीची आठवण लावा. ग्राहक सेवेला फोन करून फी माफ होईल का विचारा. खर्च पाच लाखांवर असेल तर कधी अर्धी फी, कधी तेवढे पॉइंट देऊ करतात. नाही म्हणाले तर पॉइंट वापरून टाका, कार्ड बंद झाल्यावर ते मिळत नाहीत. मोबाइल, वीज, ओटीटीचे ऑटो-पे दुसऱ्या कार्डावर हलवा. विमानाचा परतावा यायचा असेल तर तो येऊ द्या. थकबाकी शून्य करा, मग लेखी विनंती.

थकबाकी नसेल तर बँकेला ७ कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं; उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये तुम्हाला द्यावे लागतात. हेही रिझर्व्ह बँकेच्या त्याच कार्डविषयक निर्देशांत आहे, विनंतीत उल्लेख केला की काम लवकर होतं. खात्यात जास्तीचे पैसे असतील तर ते तुमच्या बँक खात्यात येतात. ॲड-ऑनही सोबत बंद होतं. बँका सिबिलसारख्या क्रेडिट ब्युरोला ठरावीक दिवसांनी माहिती देतात, तेव्हा महिन्याभराने अहवालात "बंद" दिसतंय ना ते तपासा. येत्या सहा महिन्यांत गृहकर्ज घ्यायचं असेल तर मात्र आत्ता नवं कार्डही घेऊ नका आणि मोठ्या मर्यादेचं जुनं कार्ड बंदही करू नका, एकूण मर्यादेच्या तुलनेत वापराचं प्रमाण एकदम वर दिसतं.

नंदलालपुरा

शेवटचं. वर्ष मोजतात ते एप्रिल-मार्च की कार्ड मिळालं तेव्हापासून? आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी केलेली खरेदी धरतात का?

वहीखाते

कार्ड जारी झालेल्या तारखेपासून, तुमच्या हातात पडलेल्या नाही. आणि खरेदी केली तो दिवस नाही, दुकानाकडून व्यवहार पक्का होऊन खात्यात नोंदला गेला तो दिवस धरतात, म्हणजे दोन-तीन दिवस पुढे. हॉटेलवाले आधी रक्कम अडवतात आणि तुम्ही खोली सोडल्यावर पक्की करतात, तिथे आणखी लांबतं. पाच लाखांच्या व्हाउचरला तुमच्याकडे ४६,००० चीच मोकळीक आहे, तेव्हा शेवटच्या दहा दिवसांवर काही ठेवू नका. व्हाउचरही आपोआप येईलच असं नाही, काही ठिकाणी अ‍ॅपमधून ६० किंवा ९० दिवसांत मागावं लागतं.